२२१/२९९ ला अतिसंक्षिप्त रूप: मसावि पाढ्यात सापडत नाही तेव्हा काय करायचं?

सहावीची_आई (सिंहगड रस्ता)

नमस्कार. लेक सहावीत आहे, मराठी माध्यम. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप (अंश-छेदाला आणखी भाग जाणार नाही असं रूप) देताना ती २, ३, ५, ७ ने भाग देत देत खाली येते. ८४/१२६ दिलं की ४२/६३, मग १४/२१, मग २/३. हे चटकन जमतं. पण ९१/११७ किंवा २२१/२९९ दिलं की दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, पाचाने जात नाही, म्हणजे हेच उत्तर, असं म्हणून पुढच्या गणिताला लागते.

दुसरी अडचण उभ्या मांडणीची. ३६ आणि ४८ चा मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) विचारला तर १४४ लिहिते. मांडणी नीटनेटकी असते, भागाकारही बरोबर असतात, तरी उत्तर चुकतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आता आणखी भाग जाणारच नाही, हे खात्रीने कळायचं कसं? मूळ अवयव, उभी मांडणी आणि भागाकार पद्धत यांतली कुठली आधी पक्की करून घ्यावी? आणि मसावि न काढता असं टप्प्याटप्प्याने भागत गेलं तर ते चूक धरायचं का?

खडूफळा (कोथरूड)

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. टप्प्याटप्प्याने भागणं चूक नाही. ८४/१२६ ला तिने २, ३ आणि ७ ने भागलं. २ × ३ × ७ = ४२, आणि ८४ व १२६ चा मसावि ४२ च आहे. म्हणजे ती मसावि काढतेच आहे, फक्त तुकड्यातुकड्याने. हे तिला एकदा गुणून दाखवा. 'मसावि' हे वेगळं प्रकरण आणि 'संक्षिप्त रूप' हे वेगळं प्रकरण अशी मुलांची समजूत असते, ती तिथेच सुटते. प्रश्नातच 'मसावि काढून' असं म्हटलं असेल तर मात्र मसावि वेगळा लिहून दाखवावा लागेल.

खरा प्रश्न तुमचा पहिला आहे: थांबायचं कधी? त्यासाठी अंदाजाने एकेक संख्या लावून पाहण्याची गरज नाही. छेदातून अंश वजा करायचा.

२९९ − २२१ = ७८

एखाद्या संख्येने २२१ ला निःशेष भाग जातो आणि २९९ लाही जातो, तर त्यांच्या वजाबाकीलाही गेलाच पाहिजे. तिला हे असं लिहून दाखवा: २९९ म्हणजे १३ × २३, २२१ म्हणजे १३ × १७. तेवीस तेरांतून सतरा तेरा काढले तर सहा तेरा उरणार, म्हणजे ७८. तेरा कुठे जाणार नाही. म्हणून सामाईक विभाजक शोधायचा तर तो ७८ च्या विभाजकांतच शोधायचा, बाहेर नाही.

७८ = २ × ३ × १३. उमेदवार तीनच. २२१ विषम, म्हणून २ बाद. २ + २ + १ = ५, म्हणून ३ बाद. उरला १३. १३ × १७ = २२१, गेला. वजाबाकीला जातो आणि अंशाला जातो, म्हणजे छेदाला जाणारच, तरी ताळ्यासाठी १३ × २३ = २९९ करून घ्यावं. उत्तर १७/२३.

९१/११७ मध्ये वजाबाकी २६, उमेदवार २ आणि १३. ९१ विषम. १३ × ७ = ९१, १३ × ९ = ११७. उत्तर ७/९.

आता थांबायचं कधी, ते. ८५/१३२ घ्या. वजाबाकी ४७. ही मूळसंख्या, आणि ८५ ला ४७ ने भाग जात नाही. विषय संपला, ८५/१३२ हेच अतिसंक्षिप्त रूप. अंश-छेदात फरक १ असेल, जसं ३५/३६, तर काहीही तपासायचं नाही. दोन्ही विषम आणि फरक २, ४ किंवा ८ असेल तरीही तपासायचं नाही, कारण फरकाच्या पोटात फक्त दोनच आहेत आणि विषम संख्येला दोनाने भाग जात नाही. १४३/१४५ कितीही अवघड दिसलं तरी ते तसंच ठेवायचं.

या रीतीत मुलं दोन ठिकाणी चुकतात.

एक, वजाबाकीलाच मसावि समजतात आणि २२१ ला ७८ ने भागायला बसतात. वजाबाकी ही फक्त शोधायची जागा. मसावि तिच्याएवढा असू शकतो, तिच्याहून मोठा कधीच नाही.

दोन, एकच अवयव एकदाच काढून थांबतात. ४५/८१ मध्ये वजाबाकी ३६, उमेदवार २ आणि ३. ३ ने भागून १५/२७ केलं आणि झालं म्हटलं, असं होतं. ३६ मध्ये ३ दोनदा आहे, म्हणून ३ परत लावून पाहायचा: ५/९. उमेदवार लिहिताना ३६ = २ × २ × ३ × ३ असं पूर्ण फोडून लिहायची सवय लावली की ही चूक जाते.

कच्चा_खर्डा (नारायण पेठ)

वरची रीत उत्तम आहे, पण वजाबाकीच मोठी आणि न फुटणारी आली तर मूल परत तिथेच अडकतं. तिथे भागाकार पद्धत. खरं तर ही तीच रीत आहे, कारण भागाकार म्हणजे एका दमात केलेल्या पुष्कळ वजाबाक्या.

११४७/१५१७ घ्या. मूळ अवयव पाडायला गेलात तर ११४७ ला २ पासून ३१ पर्यंत अकरा मूळसंख्या लावून पाहाव्या लागतील, कारण पहिला भाग ३१ नेच जातो. भागाकार पद्धतीने:

१५१७ ÷ ११४७ : भाग १, बाकी ३७०
११४७ ÷ ३७० : भाग ३, बाकी ३७
३७० ÷ ३७ : भाग १०, बाकी ०

शेवटचा भाजक ३७, तोच मसावि. आता ११४७ ला ३७ ने भागा: ३७ × ३० = १११०, वर आणखी एक ३७, म्हणून ३१. १५१७ मध्ये ३७ × ४० = १४८०, वर एक ३७, म्हणून ४१. उत्तर ३१/४१. तीन ओळींत काम झालं.

नियम एकच: मागचा भाजक पुढे भाज्य होतो आणि मागची बाकी पुढे भाजक होते. भागाकाराचं उत्तर (१, ३, १०) पुढे कुठेही वापरायचं नाही. वह्यांमध्ये दिसणाऱ्या चुका बहुतेक इथल्याच असतात: शेवटचा 'भाग' म्हणजे १० हाच मसावि म्हणून लिहिणं, शेवटची बाकी ० म्हणून 'मसावि ०' लिहिणं, किंवा दुसऱ्या ओळीत ३७० ने पुन्हा १५१७ लाच भागणं. तिसरी चूक फसवी आहे. १५१७ ÷ ३७० केलं तर भाग ४ आणि बाकी ३७ येते, म्हणजे या गणितात उत्तर बरोबरच निघतं आणि चुकीची सवय लपून राहते. म्हणून उत्तराबरोबर मांडणीही तपासा.

कडेला उभी रेघ मारून 'भाज्य, भाजक, बाकी' असे तीन रकाने करून दिले की गोंधळ पुष्कळ कमी होतो. 'भाग' हा रकाना वहीत ठेवूच नका, तो आकडा कच्च्या कामात राहू दे.

आधी लहान संख्येला मोठीने भागलं तरी बिघडत नाही. ११४७ ÷ १५१७ मध्ये भाग ०, बाकी ११४७, आणि पुढच्या ओळीत गाडी आपोआप रुळावर येते. एक ओळ वाढते इतकंच.

बाकी १ आली की पुढे जाऊ नका. मसावि १, दोन्ही संख्या सहमूळ, अपूर्णांक आहे तसाच ठेवायचा. ८५ आणि १३२ साठी बाक्या ४७, ३८, ९, २, १ अशा येतात.

ही रीत कधी अडत नाही, हा तिचा मोठा गुण. १८४४ साली लामे या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक, त्यांच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. दोन अंकी संख्या असेल तर दहाच्या आत काम फत्ते. ५५/८९ करून बघा, तिथे नऊ भागाकार लागतात आणि शेवटी मसावि १ निघतो. एवढ्या लहान संख्यांसाठी एवढे भागाकार लागणारं उदाहरण क्वचितच सापडेल. आणि ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडलेल्या कुट्टकाचा (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधायच्या रीतीचा) गाभा हाच, बाकीने पुन्हा पुन्हा भागत जाणं.

मूळसंख्या (हडपसर)

खडूफळा सर, वजाबाकीची रीत मलाही आवडते, पण सहावीत मूळ अवयवांना मागे टाकू नये असं माझं ठाम मत आहे. ३६०/५०४ बघा.

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५
५०४ = २ × २ × २ × ३ × ३ × ७

दोन्हींत असलेले खोडले की ५/७ समोर उभं राहतं, आणि मसावि ७२ का आला तेही दिसतं. भागाकार पद्धत उत्तर देते, पण आतलं दाखवत नाही. पुढे नववीत खंडित (कुठेतरी संपणारे) दशांश आणि अखंड आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारे) दशांश येतात तेव्हा छेदाचे अवयवच पाहावे लागतात, आणि तेही अतिसंक्षिप्त रूप दिल्यावरच. २१/५६ च्या छेदात ७ दिसतो म्हणून 'आवर्ती' लिहिणारी मुलं असतात. मसावि ७ काढला की ३/८, म्हणजे ०.३७५, खंडित.

आता उभ्या मांडणीतल्या १४४ बद्दल. तुमची लेक भागाकारात चुकत नाही, ती थांबत नाही, एवढंच. तिने असं केलं असणार:

२ | ३६ ४८
२ | १८ २४
३ | ९ १२
३ | ३ ४
२ | १ ४
२ | १ २
. | १ १

डावीकडचं सगळं गुणलं की १४४. हा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) आहे, आणि लसावि म्हणून अगदी बरोबर आहे. मसाविसाठी तिसऱ्या ओळीनंतर, म्हणजे ३ आणि ४ उरल्यावर, थांबायला हवं होतं, कारण चौथ्या ओळीतला ३ फक्त एकाच संख्येला लागतो. दोन्ही संख्यांना भाग जातो तोवरच मसावि. डावीकडचे २ × २ × ३ = १२.

तिला ३ आणि ४ च्या खाली जाड रेघ मारायला सांगा. रेघेच्या वरच्या डाव्या रकान्याचा गुणाकार मसावि. तो आणि रेघेवर उरलेल्या ३ व ४ यांचा गुणाकार मिळून लसावि: १२ × ३ × ४ = १४४. आणि उरलेल्या ३ आणि ४ कडे बघा. ३६/४८ चं अतिसंक्षिप्त रूप ३/४, ते तिथे आयतंच लिहिलेलं आहे! अपूर्णांकासाठी मसावि गुणून काढून परत त्याने भागायचीही गरज नाही, शेवटची ओळ उचलायची.

ताळाही सोपा. मसावि लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही आणि लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही. ३६ चा विभाजक १४४ कसा असेल, एवढं तिने स्वतःला विचारलं तरी पुरे.

सहावीची_आई (सिंहगड रस्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. १४४ चं कारण अगदी हेच निघालं, तिच्या वहीत शेवटी १, १ पर्यंत सगळं भागलेलं आहे. जाड रेघेची कल्पना तिला लगेच पटली.

आणखी एक विचारते. गुणाकारात तिरकी काट मारायला शिकल्यापासून ती बेरजेतही मारते. ५/१२ + ८/१५ चं उत्तर तिने १ लिहिलंय. 'बेरजेत काट मारायची नाही' हा नियम सांगून झालाय, पण का नाही ते मला नीट सांगता येत नाही.

खडूफळा (कोथरूड)

हे उदाहरण फार चांगलं सापडलंय, कारण चुकीचं उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ आहे. तिने ५ आणि १५ ला ५ ने, ८ आणि १२ ला ४ ने काट दिली, १/३ + २/३ मिळालं, म्हणजे १.

गुणाकारात ही काट चालते, कारण ५/१२ × ८/१५ चा छेद १२ × १५ असा एकच आहे आणि अंश ५ × ८ असा एकच आहे. वरचा ५ आणि खालचा १५ हे एकाच अपूर्णांकाच्या अंश-छेदाचे अवयव होतात. ४०/१८० म्हणजे २/९, आणि तिरकी काट मारूनही १/३ × २/३ = २/९. बेरजेत तो ५ फक्त पहिल्या अपूर्णांकाचा आहे आणि १५ फक्त दुसऱ्याचा. त्यांना भागलं की पहिला अपूर्णांक वेगळा झाला, दुसराही वेगळा झाला. तिला एवढंच विचारा: ५/१२ अर्ध्यापेक्षा कमी आहे, मग त्याच्या जागी आलेला १/३ त्याच्याएवढा आहे का? १/३ म्हणजे ४/१२. इथे बारावा भाग हरवला. दुसरीकडे ८/१५ च्या जागी २/३ म्हणजे १०/१५ आलं, तिथे दोन पंधरांश फुकट वाढले. हे आकृती काढून दाखवलं तर नियम घोकावा लागत नाही.

बरोबर उत्तर: १२ आणि १५ चा लसावि ६०. २५/६० + ३२/६० = ५७/६०. इथे बरीच मुलं थांबतात, कारण ५७ मूळसंख्या वाटते. वजाबाकी ३, आणि ५ + ७ = १२, म्हणून ३ ने जातो. १९/२०. फरक १, संपलं.

कच्चा_खर्डा (नारायण पेठ)

याला जोडून एक उपयोगी गोष्ट, जी वर्गात सहसा सांगितली जात नाही. बेरजेतले दोन्ही अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त असतील आणि छेद लसाविने सारखे केले असतील, तर उत्तराला कुठल्या संख्येने भाग जाऊ शकेल ते आधीच ठरलेलं असतं: फक्त दोन छेदांच्या मसाविच्या विभाजकांनी. १२ आणि १५ चा मसावि ३. म्हणून ५७/६० मध्ये २ आणि ५ लावून बघायचेच नाहीत, फक्त ३. वजाबाकीलाही हेच लागू.

आणि छेद सहमूळ असतील तर काहीच तपासायचं नाही. ३/८ + ४/९ = २७/७२ + ३२/७२ = ५९/७२. झालं.

पण छेद लसाविऐवजी नुसते एकमेकांत गुणून सारखे केले तर ही सोय जाते. १२ × १५ = १८० केलं की ७५/१८० + ९६/१८० = १७१/१८० येतं. तिथे ३ ने एकदा भागून ५७/६० झालं तरी आणखी एकदा भागावं लागतं.

मूळसंख्या (हडपसर)

सरावाबद्दल. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या सराव पुस्तिकांत बहुतेक उदाहरणं २, ३, ५ नेच सुटणारी असतात, त्यामुळे अडचण उघडकीस येत नाही. उदाहरणं घरीच तयार करा. आधी उत्तर ठरवा, उदाहरणार्थ ७/११. ते अतिसंक्षिप्त असलंच पाहिजे. मग अंश आणि छेद दोन्हीला १३, १७, १९, २३ अशा एका मूळसंख्येने गुणा. ७/११ ला १७ ने गुणलं की ११९/१८७, १९ ने गुणलं की १३३/२०९, २३ ने गुणलं की १६१/२५३. ३/५ पासून ५१/८५, ५७/९५, ८७/१४५ मिळतात. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १६१ या संख्या मुलांना मूळसंख्या वाटतात, म्हणून त्या मुद्दाम घाला.

महत्त्वाचं म्हणजे दर पाच-सहा उदाहरणांत एखादं असं टाका की जे आधीच अतिसंक्षिप्त आहे: ७७/१२०, ९१/११४, ६५/८४. नाहीतर 'भाग जाणारच' असं गृहीत धरून मूल भलत्याच संख्येने भागून मोकळं होतं. अशा उदाहरणाखाली कारण लिहून घ्या. ९१/११४ साठी 'वजाबाकी २३, ९१ ला २३ ने भाग जात नाही' एवढी एक ओळ पुरे. संगणकावर तक्ता करत असाल तर जीसीडी या नावाचं तयार सूत्र असतं, दोन कप्पे दिले की मसावि देतं. उत्तरं तपासायला ते वापरा, पण मुलीच्या हातात देऊ नका.

मसावि-लसाविच्या शाब्दिक उदाहरणांनाही अतिसंक्षिप्त रूपाचा उपयोग होतो. 'दोन संख्यांचं गुणोत्तर ७ : ९, लसावि ७५६, तर संख्या कोणत्या?' अशा प्रश्नात ७/९ हे अतिसंक्षिप्त रूपच दिलेलं आहे. शोधायच्या संख्या ७ × मसावि आणि ९ × मसावि, लसावि ६३ × मसावि. ७५६ ÷ ६३ = १२. संख्या ८४ आणि १०८. इथे गुणोत्तर १४ : १८ असं दिलं असेल तर आधी २ ने भागून ७ : ९ करायचं. तसं न करता १४ × १८ = २५२ ने ७५६ ला भागलं तर ३ येतो आणि संख्या ४२ व ५४ निघतात. त्यांचा लसावि ३७८, दिलेल्याच्या बरोबर निम्मा.